नवा फॉन्ट घेताना आधी मराठी तपासा

मराठी अक्षरांना आज जेवढे फॉन्ट उपलब्ध आहेत, तेवढे पूर्वी कधीच नव्हते. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे डझनावारी फॉन्ट फुकट मिळतात, मोबाइलवर दोन मिनिटांत लग्नपत्रिका तयार होते आणि गणेशोत्सव मंडळाचा अहवाल घरच्या लॅपटॉपवर मांडता येतो. पूर्वी हे काम छापखान्यातल्या जाणकारांकडे असे. आता ते आपल्या प्रत्येकाच्या हाती आले आहे आणि त्यासोबत अक्षर नीट छापण्याची जबाबदारीही आपल्यावर आली आहे.

ही जबाबदारी किती नेमकी आहे, ते एका उदाहरणाने पाहा. लग्नघरातून केटररला निरोप जातो : ‘आचाऱ्यांना सकाळी सातला बोलवा.’ फॉन्टमध्ये किंवा कीबोर्डवर अर्धा र मिळाला नाही, की तोच निरोप ‘आचार्यांना सकाळी सातला बोलवा’ असा होतो. स्वयंपाकी गेले आणि विद्वान आले. दोन्ही शब्द मराठीच, दोन्ही शुद्ध, म्हणून शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअरही गप्प बसते. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तिथेही हेच होते. म्हणून फॉन्टचे वळण किती देखणे आहे, हा दुसरा प्रश्न. त्यात पूर्ण मराठी लिहिता येते का, हा पहिला.

मजकूर वेगळा, फॉन्ट वेगळा

फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच. मजकूर त्याच्या खाली असतो. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिलेला आहे. क चा क्रमांक ०९१५, र चा ०९३०. संगणक हे क्रमांक साठवतो आणि फॉन्ट त्यांना आकार देतो. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो.

जुन्या डीटीपीच्या काळात तसे नव्हते. तेव्हाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी त्या काळी मराठी छपाईचा भार वाहिला आणि अनेक दैनिके व पुस्तके त्यांच्यावरच निघाली. पण प्रत्येकाची मांडणी वेगळी असल्याने तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, आणि विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आल्यावर सामान्य संगणकावर युनिकोड मराठी वाचता येऊ लागली. मंगल रेखाटणारे र. कृ. जोशी हे मराठीतले कवी आणि अक्षररचनेचे प्राध्यापक होते.

हाती आलेली फाइल युनिकोडमध्ये आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. तिच्यातली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. चिन्हांचा गोंधळ दिसला तर फाइल जुन्या फॉन्टमधली आहे. नवे काम युनिकोडमध्येच करा. आजचा मजकूर उद्या शोधता यावा, संकेतस्थळावर टाकता यावा, दृष्टिहीन वाचकाला फोनकडून वाचून घेता यावा, यासाठी दुसरा मार्ग नाही.

मराठीची स्वतःची अक्षरे

देवनागरी लिपीत हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृतही लिहिली जाते. अनेक फॉन्ट हिंदी वाचक डोळ्यांसमोर ठेवून बनतात आणि मराठीचे खास आकार त्यांत राहून जातात. फॉन्ट घेताना पुढच्या चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, ल आणि श. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो, तर मराठी ल पाकळ्यांचा असतो. मराठी श ला वर देठ असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे प्रमाण ठरवली. शाळेत पहिलीच्या मुलाने पाटीवर गिरवलेला ल आणि पुस्तकात छापलेला ल वेगळा दिसू नये, एवढे तरी आपण त्याच्यासाठी करायला हवे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी रूप आपोआप येते. म्हणून वर्डमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. संकेतस्थळ बनवणाऱ्याला पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा. कित्येकदा फॉन्ट बदलावा लागतच नाही, एवढ्यानेच ल आणि श सुधारतात.

दुसरी गोष्ट, अर्धा र. दऱ्या, चौथऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा, गिऱ्हाईक हे शब्द लिहून पाहा. यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याचा क्रमांक ०९३१. संगणकावर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्टसह जे दाबा म्हणजे ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडा आणि स्लॅश दाबून य घ्या. ऱ्य तयार. मोबाइलवर बहुतेक कीबोर्डांत र दाबून धरला की ऱ मिळतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारे बहुधा ‘दर्या’ घेऊन पुढे जातात. सुचवलेल्या पर्यायांत ‘दऱ्या’ असतो, तो निवडायची सवय लावा.

तिसरी गोष्ट, ॲ. ॲप, ॲल्युमिनियम, ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स हे शब्द आपण रोज बोलतो. शासनाच्या प्रमाण वर्णमालेत ॲ आणि ऑ या स्वरांना स्थान आहे. युनिकोडमध्ये मात्र ॲ ला स्वतंत्र क्रमांक २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टमध्ये हे अक्षर नसते. तिथे रिकामा चौकोन दिसतो किंवा ते एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने आल्यासारखे जाडबारीक उमटते. ए वर चंद्र दिलेले ‘ऍ’ हे रूपही जुन्या मजकुरात आढळते. मराठीत अ वर चंद्र द्यायचा असतो.

चौथी गोष्ट, जोडाक्षरे आणि शिरोरेषेवरची गर्दी. ‘मूर्तींची’ या शब्दातला ‘र्तीं’ पाहा. एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार असे तिघे आहेत. कच्च्या फॉन्टमध्ये अनुस्वार रफारावर चढतो किंवा वेलांटीत बुडतो. ‘उद्ध्वस्त’ मध्ये द, ध आणि व जुळले पाहिजेत, ‘वाङ्मय’ मधला ङ पाय मोडून नीट बसला पाहिजे, ‘शृंगार’ मधला शृ ओळखू आला पाहिजे.

उसना शब्द आणि खालची मोडणी

शब्द पडद्यावर सारखा दिसला, तरी त्याच्या खालचे क्रमांक वेगळे असू शकतात. ‘फॉन्ट’ हा शब्दच याचा उत्तम नमुना आहे. तो इंग्रजीतून आपल्याकडे आला. त्याचे मूळ फ्रेंच भाषेतल्या धातू ओतण्याच्या क्रियेत आहे, कारण छपाईचे खिळे शिसे ओतून बनत. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली मुंबईत उभ्या केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती अशा ओतीव देवनागरी खिळ्यांमुळेच दूरवर गेली. खिळ्यांचा जमाना सरला, पण शब्द राहिला आणि आज तो मराठीत रुळला आहे.

हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात फ नंतर ॉ हे एकच चिन्ह दिले जाते : फॉन्ट. दुसऱ्या प्रकारात आधी काना आणि मग चंद्र दिला जातो : फाॅन्ट. बऱ्याच पडद्यांवर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन निराळे शब्द आहेत. शंभर पानांच्या अहवालात तुम्ही एक शोधाल तर दुसरा सापडणार नाही. एकदम बदल करायला जाल तर निम्म्या जागा सुटतील. फॉन्ट बदलला तर दुसऱ्या प्रकारात चंद्राभोवती ठिपक्यांचे वर्तुळ उमटू शकते.

हेच ‘ॲप’ चे. एका अक्षराचा ॲ वेगळा आणि अ नंतर चंद्र देऊन केलेला अॅ वेगळा. हेच ओकाराचेही. ‘मोठा’ मध्ये ो हे एकच चिन्ह हवे, पण घाईत काना आणि मात्रा वेगवेगळे दिले की ‘माेठा’ तयार होतो. जुन्या फॉन्टवरून बदललेल्या मजकुरात हा दोष जागोजागी आढळतो.

यावर उपाय साधा आहे. काम संपल्यावर वर्डमधल्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीने तीन गोष्टी पाहून घ्या : काना व चंद्र यांची जोडी, काना व मात्रा यांची जोडी, अ व चंद्र यांची जोडी. तिन्हींच्या जागी अनुक्रमे ॉ, ो आणि ॲ ही एकेक चिन्हे घाला. मोठ्या पुस्तकातही याला काही मिनिटेच लागतात. इन्स्क्रिप्टवर ॉ साठी उलट्या स्लॅशची एकच कळ आहे आणि शिफ्टसह तीच दाबली की ऑ येतो. एकदा बोटांना वळण लागले की हा दोष मुळातच होत नाही.

तपासणीचे एक वाक्य

फॉन्टच्या जाहिरातीत नेहमी सोपे, भरदार शब्द दाखवलेले असतात. त्यांवर विसंबू नका. पुढचे वाक्य जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये टाकून पाहा :

‘मूर्तींच्या मंडपात आचाऱ्यांनी आचार्यांना ॲल्युमिनियमच्या ताटात लाडू व शेव वाढली, राष्ट्रीय वाङ्मयाच्या श्रोत्यांनी शृंगाररस अनुभवला आणि उद्ध्वस्त चौथऱ्यासाठी ऑक्टोबरात ₹ १५,६८९ जमले.’

आधी ते मोठ्या आकारात पाहा, मग ज्या आकारात छापायचे त्या आकारात. आचाऱ्यांनी आणि आचार्यांना या दोन शब्दांतला फरक दुरूनही कळला पाहिजे. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. अंकांत १, ५, ८ आणि ९ निरखा, कारण देवनागरी छपाईच्या मुंबई आणि कलकत्ता या दोन वळणांत यांतल्या काही अंकांचे आकार वेगळे असतात. अ, झ आणि ण यांचेही तसेच. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसेल. मग हीच ओळ ठळक करून पाहा. शेवटी कागदावर छापून पाहा, कारण पडद्यावर मोकळी दिसणारी अक्षरे शाईने भरून जाऊ शकतात.

कोणत्या कामाला कोणता फॉन्ट

पुस्तक, मासिक, स्मरणिका अशा सलग वाचायच्या मजकुरासाठी शांत वळणाचा फॉन्ट हवा. ‘तिरो देवनागरी मराठी’ त्यासाठी उत्तम आहे. याच्या हिंदी आणि संस्कृत आवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यामुळे नाव नीट वाचून मराठीच घ्या. यात मराठी रूपे मुळातच येतात. पत्रव्यवहार, अहवाल, संकेतस्थळ यांसाठी मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ घ्या. त्यात बारीकपासून अतिजाडपर्यंत अनेक वजने मिळतात, त्यामुळे शीर्षक, उपशीर्षक आणि मजकूर एकाच कुटुंबातल्या अक्षरांत मांडता येतो.

याच गटाचा ‘बलू’ गुबगुबीत आणि प्रसन्न आहे. बालसाहित्य, शाळेचे फलक, खाऊच्या दुकानाची पाटी यांना तो शोभतो. ‘मोदक’ त्याहून जाड आहे, अक्षरांच्या आतल्या पोकळ्या रेघेएवढ्याच उरतात. चार-पाच शब्दांच्या मोठ्या मथळ्याला तो खुलतो, परिच्छेदाला वापरू नये. ‘यात्रा वन’ चे वळण मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेले आहे. शहरावरचे प्रदर्शन, नाटकाची जाहिरात अशा कामांना तो बोलका ठरतो. मराठीसोबत गुजराती, कन्नड किंवा तेलुगू मजकूर द्यायचा असेल तर २०२२ मध्ये आलेला ‘अनेक’ पाहा. भारतीय लिपी आणि रोमन अशा दहा लिपींत तो एकाच ठेवणीत मिळतो आणि अक्षराची जाडी व रुंदी हवी तशी बदलता येते. सोलापूर, बेळगाव, नांदेडकडच्या दुभाषिक पाट्यांना असे जुळे वळण फार उपयोगी आहे.

गूगलचा ‘नोटो’ हाताशी असू द्यावा. अक्षर न मिळाल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या रिकाम्या चौकोनांना संगणकाच्या जगात जपानी भाषेतून आलेल्या ‘टोफू’ या शब्दाने ओळखतात. असे चौकोन कुठेच दिसू नयेत, या हेतूने हा फॉन्ट बनला आणि ‘नो टोफू’ यावरून त्याचे नाव पडले.

या भागात सुचवलेले सगळे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. छापील पुस्तक, व्यापारी जाहिरात, पाटी, कशासाठीही ते पैसे न देता वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. विकतचा फॉन्ट घेतलात तर परवाना किती संगणकांसाठी आहे ते वाचा. कुठून तरी आलेली फाइल वापरू नका. तो फॉन्ट बनवणाऱ्याने शेकडो जोडाक्षरे एकेक करून रेखाटलेली असतात, त्या कामाचे मोल त्याला मिळायला हवे.

मांडणीचे काही नियम

देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, त्यामुळे अक्षराचा मुख्य भाग इंग्रजीच्या मानाने लहान दिसतो. इंग्रजी ११ पॉइंटात असेल तर मराठी १२ किंवा १३ ठेवा. ज्येष्ठांसाठी असेल तर १४. दोन ओळींतले अंतर सढळ हाताने द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो.

अक्षरांमधले अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात अक्षरे पसरून छान दिसतात, मराठीत शिरोरेषा तुटते. मथळा पसरट हवा असेल तर रुंद फॉन्ट घ्या. शब्दाखाली रेघ ओढू नका, उकार आणि ऋकार त्या रेघेत हरवतात. महत्त्वाचा शब्द ठळक करा. अक्षर तिरके करणेही टाळावे, देवनागरीच्या परंपरेत ते नाही आणि वाचताना डोळ्यांना ताण पडतो. एका कामात दोन फॉन्ट पुरेत, एक मथळ्यांसाठी, एक मजकुरासाठी.

यंत्राकडून काम करून घेताना

विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड फुकट मिळतो. डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने अशी त्याची रचना आहे, त्यामुळे थोड्या सरावाने तो हातात बसतो. एकदा शिकलात तर हिंदी, गुजराती, कन्नडही त्याच मांडणीने लिहिता येतात. मोबाइलवर आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘स्वरचक्र’ किंवा गूगलचा जीबोर्ड वापरा. बोलून लिहिण्याची सोयही आता चांगली आहे, पण नंतर ऱ, अनुस्वार आणि विरामचिन्हे डोळ्यांखालून घाला. अनोळखी ‘स्टायलिश’ कीबोर्ड मात्र घेऊ नका. तुम्ही टाइप केलेले प्रत्येक अक्षर कीबोर्डमधून जाते, पासवर्डसुद्धा.

फाइल दुसऱ्याकडे पाठवताना वर्डच्या ‘सेव्ह’ पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच जोडण्याची सोय चालू करा. छापखान्याला नेहमी पीडीएफ द्या आणि सोबत मूळ फाइलही द्या. इनडिझाइनमध्ये मांडणी होणार असेल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला आहे ना, हे विचारा. तो नसेल तर वेलांट्या चुकीच्या जागी जातात आणि जोडाक्षरे सुटी होतात, आणि दोष मात्र फॉन्टला दिला जातो. पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी चालत नाही, त्यामुळे त्यावर अडून बसलेल्या कामासाठी दुसरे सॉफ्टवेअर शोधणेच बरे.

वाचण्यासाठी यंत्र घेत असाल तर दुकानात मराठी मजकूर उघडून पाहा. किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तके मिळतात आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, चाळिशी लागलेल्या वाचकाला ते वरदान आहे. स्वस्तातले स्मार्टवॉच घेताना स्वतःला एक मराठी संदेश पाठवून पाहा. चौकोन उमटले तर घरच्यांचे निरोप त्यावर वाचता येणार नाहीत.

घरात किंवा संस्थेत जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या रूपांतर करून युनिकोडमध्ये आणा. जुने सॉफ्टवेअर चालणारे संगणक बंद पडत आहेत, तेव्हा हे काम लांबवू नका. कोणत्या प्रणालीतली फाइल आहे ते आधी नक्की करा, कारण प्रत्येकीचे रूपांतर वेगळे. मूळ फाइल पुसू नका. रूपांतरानंतर अर्धा र, ॲ, ओकार, अवतरणचिन्हे आणि अंक या पाच जागा हमखास तपासा.

पुढच्या वेळी पत्रिका, पाटी किंवा पुस्तक छापायला द्याल, तेव्हा आधी कागदावरचे प्रूफ मागा. ल, श, ऱ आणि ॲ यांच्यावर बोट ठेवून पाहा, चूक दिसली तर दुरुस्ती झाल्याशिवाय सही करू नका. गिऱ्हाईक आग्रह धरते, तेव्हाच छापणारा आणि फॉन्ट बनवणारा मराठीकडे लक्ष देतो. हा आग्रह आपणच धरायचा आहे.